डिकीतली गारुफालिया

करिंथहून निघताना मेनेलाओसकाकांनी चार खोकी स्वतःच्या हाताने माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली आणि वरून घोंगडी पांघरली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी आधीच वैतागले होते. उजाडताच निघायचं ठरलं होतं आणि काका अजून शेजारणीला कोंबड्यांचे स्वभाव समजावून सांगत होते.

"काय आहे त्यात?" मी विचारलं.

"मनुका."

करिंथचा माणूस पाहुण्यांकडे मनुका नेणारच. मी गाडी सुरू केली.

जायचं होतं फिलिप्पैला, ग्रीसच्या पार दुसऱ्या टोकाला. काकांचा मुलगा आनेस्तिस तिकडे कावालात नोकरीला लागला आणि क्लिओ नावाच्या तिकडच्याच मुलीशी लग्न करून बसला. त्यांच्या मुलीचा रविवारी बाप्तिस्मा होता. तोही साध्यासुध्या चर्चमध्ये नाही, तर संत पौलाने जिथे लिदियाला बाप्तिस्मा दिला त्या ओढ्याच्या काठी. धर्ममाता मी. त्यांच्या लग्नात साक्षीदार म्हणून वधूवरांच्या डोक्यावरचे मुकुट मीच बदलले होते, त्यामुळे हेही माझ्याच गळ्यात पडणार हे ठरलेलं होतं. काका विमानात बसत नाहीत आणि बसमध्ये त्यांना मळमळतं. म्हणून मीच म्हटलं, गाडीने जाऊ, वाटेत पौलाच्या जागा बघत जाऊ. जन्मभर करिंथच्या अवशेषांशेजारी द्राक्षं पिकवलेल्या माणसाने दुसरे अवशेष पाहिलेच नव्हते.

आमच्याकडे बाप्तिस्म्यापर्यंत मुलाला नाव नसतं. तोवर ते नुसतं बाळ. मग पाद्री विचारतो, नाव काय, आणि धर्ममाता ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगते. पहिल्या मुलाला बापाच्या आईचं नाहीतर वडिलांचं नाव, हा रिवाज. त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतालाही गेले नाहीत अशी घरं मला माहीत आहेत. काकांची बायको गारुफालिया तीन वर्षांपूर्वी वारली. नात झाल्याचा फोन आला तेव्हा काकांनी चौकातल्या सगळ्यांना कॉफी पाजली. नावाचा प्रश्न त्यांच्या लेखी मिटला होता.

तो मिटला नव्हता. आदल्या आठवड्यात क्लिओचा फोन आला. "स्तामाताताई, आम्ही लिदिया ठरवलंय. गारुफालिया नको हो, फार जुनाट आहे. शाळेत पोरं जीव खातील तिचा."

"आणि बाबांना कोण सांगणार?"

मागून आनेस्तिसचा आवाज आला, "ताई, दोन दिवस गाडीत आहातच तुम्ही. तुमचं ऐकतात ते."

म्हणजे मुलगी त्यांची, नाव त्यांचं आणि शिव्या मी खायच्या.

नावांबद्दल बोलायचा मला अधिकार आहे. मी चौथी मुलगी, म्हणून स्तामाता. आमच्या भाषेत त्याचा अर्थ थांब. ती देवाला दिलेली सूचना होती. देवाने ऐकलं नाही, पाचवीही झाली. तेव्हापासून नावात काही ताकद असते यावर माझा विश्वास नाही. पण गारुफालियाकाकूंची गोष्ट वेगळी. काका मळ्यातून परतताना गल्लीच्या तोंडापासूनच ओरडायचे, "गारुफालियाऽऽ! ताट वाढ!" आणि घरातून उत्तर यायचं, "बहिरी नाही मी!" आम्ही पोरं त्या आवाजावर खेळ थांबवून घरी जायचो. काकू गेल्यापासून काका गल्लीतून गुपचूप येतात. मला ते ऐकवत नाही, म्हणजे ती शांतता.

वाटेतल्या मुक्कामाला, वेरियाला पोचलो आणि मी बॅग काढायला डिकी उघडली. घोंगडी सरकली. खोक्यात पांढऱ्या जाळीच्या इवल्याशा पुड्या होत्या, साखरेचं कवच चढवलेल्या बदामांच्या. बाप्तिस्म्यानंतर पाहुण्यांना वाटतात तशा. प्रत्येक पुडीला गुलाबी फीत आणि फितीला छापील चिठ्ठी. गारुफालिया. गारुफालिया. गारुफालिया.

"या मनुका?"

"मनुका खालच्या खोक्यात आहेत," काका शांतपणे म्हणाले. "पोरांना सांगू नकोस. गंमत आहे."

सांगणं आधी अवघड होतं, आता त्याला फितीही बांधलेल्या होत्या.

पौलाने जिथून उपदेश केला ती जागा बघायला गेलो. काकांनी एक चक्कर मारली.

"खांब किती उभे आहेत इथे?"

"खांब नाहीत, काका. पायऱ्या आहेत. आणि ही चित्रं."

"आमच्याकडे सात आहेत," काका म्हणाले. "पायऱ्यांसाठी एवढं पेट्रोल जाळलंस?" मग पौलाच्या चित्रासमोर उभे राहून त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि दुकानदाराशी बोलावं तसं म्हणाले, "आमच्या गावात दीड वर्ष राहून गेलास, ओळख ठेव. रविवारी लक्ष असू दे."

मी तोंड उघडलं होतं. त्यात रेवणीचा, म्हणजे पाकातल्या रव्याच्या केकचा तुकडा घातला आणि बंद केलं. वेरियाची रेवणी चांगली असते, पण मला चव लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आंफिपोलिसच्या दगडी सिंहापाशी मी पुन्हा हिंमत केली. "काका, हल्ली पोरं वेगळी नावं ठेवतात. समजा, उद्या..."

"हा सिंह नेमका कुणावर चिडलाय?"

"काका, मी काय म्हणते..."

"याचं तोंड बघ. अगदी माझी सासू."

मी गाडीमागे जाऊन आनेस्तिसला फोन लावला. "तूच सांग बाबा तुझ्या बापाला. माझ्याच्याने होत नाही."

"ताई, आवाज येत नाहीये."

"गाढवा, मला तुझा स्पष्ट येतोय!" पण फोन बंद झाला होता.

दुपारी फिलिप्पै. शेतांमधून अचानक उभे राहिलेले ते प्रचंड खांब दिसले आणि काका पहिल्यांदाच खांब मोजायला विसरले. पौलाला डांबलं ती कोठडी पाहिली. मग आम्ही जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसलो. वारा छान होता, खालच्या शेतात कुणीतरी ट्रॅक्टर फिरवत होतं. आता नाही तर कधीच नाही असं मला वाटलं.

"काका, मुलीचं नाव लिदिया ठेवणार आहेत."

काकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"माहीत आहे."

"काय?"

"आनेस्तिस दोन महिने माझ्याशी फोनवर हवामानावर बोलतोय. माझा मुलगा कधी हवामानावर बोलतो? त्यात बाप्तिस्मा लिदियाच्या ओढ्यावर. आणि तू काल सकाळपासून मासळीसारखी तोंड उघडतेस आणि मिटतेस."

"मग त्या पुड्या कशाला छापल्यात?" मी जवळजवळ ओरडलेच. मला खरंच राग आला होता.

"लिदिया कळायच्या आधी गेलो होतो दुकानात. नंतर दुकानदारीणबाईचा फोन आला, छापू ना? नको म्हणायला फोन उचलला होता. ती म्हणाली, नाव एकदा पुन्हा सांगा." काका खाली ट्रॅक्टरकडे बघत होते. "तीन वर्षांत तिचं नाव मला कुणी विचारलं नव्हतं, पोरी. मी सांगून टाकलं. ते आता फक्त थडग्याच्या दगडावर आहे. मला ते दुसरीकडे कुठेतरी लिहिलेलं बघायचं होतं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"उद्या खोकी उघडायची नाहीत," काका म्हणाले. "क्लिओचा दिवस आहे. परत नेऊ. हिवाळाभर बदाम खाईन."

"दात कुठे आहेत तुम्हाला?"

"चोखीन. आणि हे बघ, उद्या लिदियाच म्हणायचं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. क्रूस काढून शपथ घे."

मी क्रूस काढला.

रविवारी ओढ्याकाठी ही गर्दी. क्लिओच्या माहेरचं अख्खं गाव लोटलं होतं, काकांच्या बाजूने आम्ही दोघंच. बाळ माझ्या कडेवर. पाद्रीबाबांनी सैतानावर थुंकायला सांगितलं, तेव्हा मी आनेस्तिसकडे बघून मनापासून थुंकले. मग त्यांनी विचारलं, "नाव काय?"

क्लिओ माझ्या तोंडाकडे बघत होती, आनेस्तिस स्वतःच्या बुटांकडे. खरं सांगते, दुसरं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं.

"लिदिया," मी म्हणाले.

"उदंड आयुष्य लाभो!" सगळ्यांत आधी काका ओरडले. क्लिओने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरले. त्यांना सगळं आधीच ठाऊक होतं, हे तिला कुठे माहीत होतं.

बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं, तिने आकाशपाताळ एक केलं, मग माझ्या हातातल्या टॉवेलात झोपून गेली. क्लिओच्या आईने लिदियाच्या पुड्या वाटल्या. काकांनी आपली पुडी खिशात ठेवली आणि एका झाडाखाली एकटेच जाऊन बसले. एवढ्या माणसांत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

मी बाळाला क्लिओकडे दिलं आणि गाडीची किल्ली काढली.

"स्तामाता!" काकांनी लांबूनच ओळखलं. "थांब म्हणतो ना!"

मी जन्मात कधी नावाला जागले नाही. लिदिया म्हणायचा क्रूस काढला होता, खोक्यांचा नव्हे. मनुकांचं तेवढं सोडून बाकीची खोकी आणून मी टेबलावर ओतली आणि दिसेल त्याच्या हातात पुडी कोंबत सुटले.

"दोन दोन? आणि ही गारुफालिया कोण?"

"त्या झाडाखालच्या काकांना विचारा."

आणि माणसं विचारायला गेली. आमच्या लोकांना चौकशी करायला आवडतंच. गारुफालिया कोण? गारुफालिया कुठली? बायको का तुमची? काका आधी पुटपुटत उत्तरं देत होते, मग हातवारे करायला लागले, मग त्यांनी ताट वाढ म्हटल्यावर काकू काय म्हणायच्या ते सांगितलं आणि झाडाखाली हशा पिकला. आनेस्तिस हातात पुडी घेऊन बराच वेळ उभा होता. शेवटी तो बापाशेजारी जमिनीवर जाऊन बसला. क्लिओ बाळाला घेऊन त्याच्या मागे गेली.

तेवढ्यात ओढ्याच्या पलीकडून क्लिओच्या बहिऱ्या आजीने पुडी हलवत विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

काका उठून उभे राहिले. गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे तसेच.

"गारुफालियाऽऽ!"

ओढ्यातले बेडूक गप्प झाले. लिदिया दचकून जागी झाली आणि तिने कपाळाला आठ्या घालून भोकाड पसरलं.

"द्या इकडे तिला," काका हात पसरून म्हणाले. "हिची आजीसुद्धा अशीच वैतागायची."