डोळे न आखलेली आवृत्ती

जनूकाकाने भाताचं रोप उपटलं, मुळाला जीभ लावली आणि थुंकला. "खारट. सगला खारट."

बांधावर अर्धा गाव जमला होता. सुजय सगळ्यांच्या मागे उभा होता. एरवी ताडासारखा उंच माणूस, पण आज स्वतःच्या चपलेएवढा झाला होता.

"जनूभाऊ, उघाडी तुमच्या हाती दिली ती काय झोपायला?" शेजारच्या शेतातली सगुणा कडाडली. "रातचा उधाण आला नि दार सताड उघडा! ही जमीन आता पिकंल कवा? आजपास्नं उघाडीला हात लावायचा नाय."

उघाडी म्हणजे खारबांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीला फळ्या लावून खाडी अडवायची. जनूकाकाच्या घरात हे काम आजापासून चालत आलेलं.

"मोबाइलमदी रातची भरती नव्हती, गो," काका पुटपुटला. "पन मोबाइल कसा चुकंल? मीच नीट बगितला नसंल."

ते भरतीचं अ‍ॅप सुजयचं. पेणजवळच्या याच गावचा हा गडी धाटावच्या कंपनीत शिफ्ट करी आणि फावल्या वेळात अ‍ॅप लिही. कोड सगळ्या जगाला फुकट. कोणीही उघडावा, सुधारावा. अ‍ॅपची कीर्ती एवढी की खाडीतले खेकडेसुद्धा म्हणे ते बघूनच बिळाबाहेर पडत. सुरुवातीला सुजय दर आठवड्याला नवी आवृत्ती सोडायचा. लोक वैतागले. "रोज काय रं नवीन? बटान जागेवर सापडत नाय!" तेव्हा त्याने वडिलांचा नियम उचलला. वडिलांचा गणपतीचा कारखाना. डोळे आखल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जात नसे. आवृत्तीही तशीच काढायची, वर्षातून एकदा, गणपतीत, नटूनथटून.

मध्यरात्र उलटताच येणारी भरती अ‍ॅप गाळतं, हे रोह्याच्या सुरभीने उन्हाळ्यातच हेरलं होतं. दुरुस्तीही तिनेच लिहून पाठवली. सुजयने ती तपासली, वाहवा केली, कोडात घेतली.

"अरे, मग सोड ना आजच!" सुरभी फोनवर म्हणाली होती.

"नवे रंग व्हायचेत अजून. गणपतीत एकदमच सोडू."

"लोक काय तुझे रंग बघून दार लावतात? दुरुस्ती झाली की सोडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाली तर पुन्हा सोडायची."

"तुला आमचे लोक माहीत नाहीत," असं म्हणून सुजय हसला होता.

दुरुस्ती जगासमोर उघडी होती. जनूकाकाच्या फोनात तेवढी नव्हती.

आता काका मान खाली घालून बांधावरून निघाला. गर्दी बाजूला झाली. सुजय गर्दीतून पुढे आला.

"थांब काका. तू नीटच बघितलंस. अ‍ॅप चुकलं. आणि मला ते उन्हाळ्यापासून ठाऊक होतं."

सगुणाने विचारलं, "ठाऊक व्हता, नि गप ऱ्हायलास?"

"सजवून देणार होतो."

"काय सजवनार व्हतास रं? आमची शेतं?"

सुजय तिथेच चिखलात बसला आणि आवृत्ती सोडली. अर्धी हिरवी, अर्धी निळी, जशी होती तशी. जनूकाकाने फोन पुढे केला. "माज्यात टाक."

दुपार व्हायच्या आत खाडी पुन्हा चढू लागली. काका कोणाला न विचारता उघाडीत उतरला. सगुणाने त्याला अडवलं नाही. शेतात आणि खाडीत, दाराच्या दोन्ही अंगांना पाण्याचा रंग एकच होता. तरी त्याने एकेक फळी बसवली आणि फटींत तळव्याने चिखल दाबू लागला. सुजय वरून चिखलाचे गोळे देत होता. काका ते घेत होता, त्याच्याकडे न बघता.