उपडा फोन

"दादा, एवढं कुलूप उघडून द्या. पोरगी माझी आहे, फोनही मीच घेतलाय," असं म्हणत बाईने फोन काउंटरवर ठेवला.

तेरा वर्षांची मुलगी. आठवडाभर धड जेवत नव्हती, फोन वाजला की दचकत होती. आज फोन घरी विसरून ती शाळेत गेली आणि आईने तडक मोबाईल दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्याने केबल उचललीसुद्धा. लॉक उघडणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. पण त्याच्या बायकोने हात पुढे केला आणि फोन उपडा केला.

तिचा हा नेमच होता. दुरुस्त झालेला फोन ती गिऱ्हाइकाच्या हातात उपडाच द्यायची. आत कुणाचं काय आहे ते आपण बघायचं नाही. नवरा चेष्टा करायचा, हिला पत्ते खेळायला बसवा, हिच्या हातातलं पान कुणाला कळायचं नाही.

"मुलीला घेऊन या," ती म्हणाली.

"ती दाखवायची नाही. आणि तोवर काही बरंवाईट झालं तर?"

"म्हणून तर आत्ताच आणा. चोरून उघडलंत तर आज कळेल. उद्या ती मनाला कुलूप लावेल, ते आमच्या ह्यांनाही उघडता यायचं नाही."

आई तणतणत गेली आणि मुलीला शाळेतून घेऊन आली. मुलीचे ओठ घट्ट मिटलेले. बायकोने तिला स्टूल दिलं, आईला जरा दाराबाहेर थांबवलं आणि उपडा फोन मुलीपुढे सरकवला.

"सगळं नको दाखवूस. तुझं तुझ्यापाशी राहू दे. ज्याची भीती वाटते, तेवढंच."

दुरुस्तीवाला पडलेला स्क्रू शोधायच्या निमित्ताने खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. बऱ्याच वेळाने मुलीचा आवाज आला.

"काकू, आईला बोलवा."

मैत्रीण म्हणवणारं कुणीतरी तिला रविवारी बागेत एकटीला बोलावत होतं. आली नाहीस तर तुझे फोटो सगळ्यांना पाठवीन, असं धमकावत होतं. तिघी तशाच पोलीस चौकीत गेल्या. तिथले साहेब सगळा फोन चाळायला लागले, तेव्हा बायकोने त्यांनाही अडवलं, म्हणे. "साहेब, पोरीने दाखवलंय तेवढंच." रविवारी बागेत मुलीऐवजी पोलीस गेले. मैत्रीण पन्नाशीची निघाली, मिशीवाली.

त्याला तीन वर्षं झाली. बायको जाऊन सहा महिने.

परवा मेहुणी दुकानात आली. ड्रॉवरमधला बहिणीचा फोन तिने काउंटरवर ठेवला. आत फोटो असतील, ताईचा आवाज असेल, तुम्हाला काय अवघड आहे भावजी, म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने केबल हातात घेतली. मग ती गुंडाळून बाजूला ठेवली.

"तिला विचारायचं राहिलं," तो म्हणाला, आणि त्याने फोन उपडा केला.