पवनबाबाचं फुसफुसणारं वारूळ

मे महिन्यात पोंभुर्ण्याकडे सावलीसुद्धा चटके देते. अशा दुपारी वस्तीबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली माणसांचा नुसता लोंढा लोटला होता. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या, ट्रॅक्टर भरभरून आलेले पाहुणे. कारण पवनबाबाचं वारूळ श्वास घेत होतं.

श्वास साधासुधा नव्हता, गार होता. कपाळभर चंदन फासलेला बाबा हातातला चिमटा आपटून ओरडायचा, "छोड, वायुराजा, छोड!" की वारुळाच्या भोकातून सूऽऽ करून वारा सुटायचा, समोरचा दिवा विझायचा आणि रोग्याच्या तोंडावर भर उन्हाळ्यात हिवाळा यायचा. लोक भक्तीने हात जोडायचे. वाऱ्याला एक वेगळाच दर्पही होता. बाबा म्हणायचा, "स्वर्गातलं अत्तर हाये हे!"

मनकर्णा गर्दीत मागे उभी होती. ती आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका, मुलींना एअर रायफल शिकवायची. तिला लहानाची मोठी करणारी नीलाबाई आत्या मात्र सगळ्यांत पुढे, वारुळाला पाठ टेकून बसली होती. आत्याला जुना दमा. औषध ओढायचा रोजचा पंप होता, पण तो बाबाने पहिल्याच दिवशी काढून घेऊन शेजारच्या टोपलीत टाकला होता. ती टोपली पंपांनी आणि गोळ्यांच्या पाकिटांनी शिगोशीग भरली होती.

"पंपाचा वारा परका असते, माय," बाबा हात नाचवत सांगायचा. "एका छातीत दोन वाऱ्यांचं राज्य कसं चालन? एकाले हाकला! कोणाले हाकलायचं? डॉक्टरच्या वाऱ्याले!"

आत्याने गार वारा ओढला आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली की ती दुमडून गेली. बाबाला आनंद झाला. "पाहा, पाहा! रोग दार ठोकून राह्यला, बाहेर यायले!"

मग बाबाने जाहीर केलं, की वायुराजा आता श्वास आत घेणार. वारुळामागे भगवा पडदा ओढला गेला. बाबाचा चेला लच्छू पडद्याआड गेला. लांबच्या टिनाच्या खोलीतलं जनरेटर धडधडू लागलं आणि ते ऐकू येऊ नये इतक्या जोरात ढोलक सुरू झाली. "आता पाठ घट्ट लावा, आताच गुण येते!" असं बजावून बाबा स्वतः मात्र पार लांबच्या खाटेवर जाऊन बसला.

ढोलक थांबली. जनरेटरही बंद झालं होतं. त्या क्षणभराच्या शांततेत पडद्यामागून आवाज आला. फिस्स... टक्.

मनकर्णाने कान टवकारले. हा आवाज ती रोज सकाळी शाळेत ऐकायची. एअर रायफलला छर्रा ढकलायला दाबलेली हवा लागते. ती कॉम्प्रेसरच्या यंत्राने मोठ्या टाकीत भरून ठेवतात. भरून झालं की नळीत अडकलेली हवा आधी सोडावी लागते, फिस्स. मग नळी निघते, टक्. आणि स्वर्गातलं अत्तर म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल होतं.

"आत्या, त्या वारुळात टाकी हाये," घरी आल्यावर ती म्हणाली.

"तुले जिथी तिथी टाकीच दिसते."

"मंग खोकला काऊन वाढला?"

"बाहेर पडून राह्यला." एवढं बोलतानाही नीलाबाईला तीनदा थांबावं लागलं. चुलीपासून खाटेपर्यंत जायचं तर ती भिंत धरून जात होती. नवा पंप आणला तर तिने तो फेकून दिला. मनकर्णाला भीतीही वाटली आणि संतापही आला. नुसता वाद घालून आत्या वाचणार नव्हती.

शाळेच्या टाकीचा भरायचा व्हॉल्व्ह गळत होता, म्हणून ती चंद्रपूरला नईमभाईच्या दुकानात गेली. नईमभाई खेळाचं सामान विकायचे, एअरगन दुरुस्त करायचे. त्यांनी काउंटरवर दोनतीन व्हॉल्व्ह मांडले.

"मॅडम, चमक मत देखो. आधी आटे टाकीशी जुळतात का ते पाहा. हवा आत जाईल, उलटी येणार नाई, असा घ्या. प्रेशर दाखवणारं घड्याळ पायजेच. आणि ही पातळ चकती. दाब हद्दीबाहेर गेला तर ही आधी फुटते, हवा निघून जाते, टाकी वाचते. ही नसली तर टाकी फुटते, आणि बाजूचा माणूस..." त्यांनी हात वर केला. "त्याले गोळा करावं लागते."

"असा बिनचकतीचा घेते तरी कोण?"

"आला होता ना एक! कपाळभर चंदन. म्हणे घड्याळ नको, लोकायले दिसते. चकती नको, ती मधीच फुटली त तमाशा होते. म्या म्हटलं, बाबूजी, हवा भरून राह्यले का बाँब? म्या दिला नाई. घेतला असन कुठून तरी."

मनकर्णाने शाळेसाठी घड्याळाचा आणि चकतीचा व्हॉल्व्ह घेतला. परतताना बसमध्ये तिच्या डोळ्यांपुढून एकच चित्र हलेना: त्या बाँबला पाठ लावून बसलेली आत्या.

दुसऱ्या दिवशी श्वास आत घ्यायची वेळ झाली, पडदा ओढला गेला, लच्छू आत शिरला. मनकर्णा सरळ पुढे गेली. तिने आत्याला हाताला धरून उठवलं, लोकांना झाडाच्या पलीकडे सरकवलं आणि बाबासमोर हात जोडले.

"बाबा, इतक्या लोकायले गुण देता. आज तुम्हीच पाठ लावून बसा. आम्ही लांबून दर्शन घेतो."

बाबाने डोळे मिटले. "साधकानं बसायचं नसते, बेटी. तेज सहन होत नाई."

"माह्यासारख्या म्हातारीले सहन होते, तुले काऊन नाई?" नीलाबाईनेच विचारलं. तिची श्रद्धा पक्की होती, म्हणून तर तिला खरंच कळेना. "मी त रोज बसतो. बस ना, बाबा."

"बसा, बसा!" गर्दी उत्साहाने ओरडली. गावच्या मुखरू पाटलाने बाबाला प्रेमाने दंडाला धरलं आणि वारुळाला टेकवून बसवलं. कुणीतरी हौसेने ढोलकीवर थाप मारली. पडद्याआडच्या लच्छूला काय ठाऊक! इशारा मिळाल्यासारखं त्याने काम चालू केलं. जनरेटर धडधडलं.

बाबा एक क्षणही टिकणार नाही, हे मनकर्णाला ठाऊक होतं. तो ताडकन उठला, धोतर सावरत धावत सुटला आणि जिवाच्या आकांताने किंचाळला, "लच्छ्या, बंद कर! चकती नाई रे त्याले! फुटन ते!"

ढोलक थांबली. जनरेटरही थांबलं. लच्छू पडद्यातून बाहेर आला तो हातात नळी घेऊनच.

मुखरू पाटील हळूच म्हणाला, "वायुराजाले चकती?"

मनकर्णाने वारुळावरची माती खरवडली. आत सिमेंट लागलं.

"वाळवी सिमेंट कुठून आणते गा?" मागून एक म्हातारा बोलला आणि पहिलं हसू फुटलं.

मागचा पडदा सारला, तर सिमेंटच्या पोकळीत काळी टाकी होती. तिच्या भरायच्या व्हॉल्व्हला घड्याळ नव्हतं, आणि चकतीची जागा एका बोल्टने बुजवली होती. दुसऱ्या तोंडाला नळी, नळीला तोटी, तोटीला मोटरसायकलच्या क्लचची तार. तार मातीखालून बाबाच्या आसनापर्यंत गेलेली. चिमटा नुसता आपटायचा. खरं काम पायाखालच्या पट्टीचं.

"दाब, आत्या," मनकर्णा म्हणाली.

नीलाबाईने पाय ठेवला. सूऽऽ! दिवा विझला.

"मले बी सिद्धी आली की!" ती म्हणाली. लोक खदखदून हसले. ती नाही हसली. तिने टोपलीत हात घालून आपला पंप शोधला, तिथेच उभी राहून ओढला, आणि मग बाबाला जी शिवी हासडली, ती इथे लिहिण्याजोगी नाही.

मनकर्णाने तोटी उघडी ठेवली. टाकी रिकामी होईपर्यंत वारा सुटत राहिला आणि तोटीवर पांढरं हीव साचलं. "कोंडलेली हवा सुटली की गार होते," ती म्हणाली. "यात कोणाचा आशीर्वाद नाई. दम्याच्या छातीले असा गार वारा त उलटा बाधते."

तोवर पोलिसांची गाडी आली होती; मनकर्णाने सकाळीच ठाण्यात कळवून ठेवलं होतं. पाटलाने बाबाला यावेळीही प्रेमानेच दंडाला धरलं.

"मोहाले, वारुळाले आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडतो," मनकर्णा लोकांना म्हणाली. "त्यायनं कधी कोणाची गोळी हिसकावली का? जो तुमचं औषध काढून घेते, तो तुमचा वैरी समजा. आजारी पडलं त दवाखान्यात चला. आणि चमत्कार दाखवणाऱ्याले तोंडावर विचारा, हे कसं होते? आत पाहू दे. जो पाहू देत नाई, त्याच्याजवळ लपवायसारखं काही तरी हायेच."

लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक बाई चाचरत म्हणाली, "मॅडम, पण वरोऱ्याकडचा तो बाबा हातावरच्या काजळात चोराचं तोंड दाखवते, त्याचं खरं हाये ना?"

मग नीलाबाईने पंप ओच्यात खोचला आणि पदर कमरेला बांधला.

"चल," ती म्हणाली. "त्याले बी विचारून येऊ."