वहीतलं 'सीन'

थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दोघी कामाला होत्या त्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिच्या धाकट्या बहिणीची दोन बोटं कटाईच्या यंत्रात तुटली, त्याला चारच दिवस झाले होते. आणि हा फोरमन कागद घेऊन पुढ्यात उभा! 'कामगाराने निष्काळजीपणे हात घातला,' असं त्यावर टाइप केलेलं.

"इथे 'सीन' लिही आणि सही कर," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणीची सही आली की चौकशी मिटली."

"मी पाहिलंच नाही. माझी पाठ होती तिकडे."

"अगं, सीन म्हणजे तसं पाहिलं नव्हे. कागद नजरेखालून गेला, एवढंच."

बाकी जगाला पाहायला डोळे लागतात, इथे पेन पुरायचं. रोज सकाळी यंत्रांच्या तक्रारींची वही फिरायची आणि जो तो इंग्रजीत 'सीन' खरडून मोकळा व्हायचा. फोरमन तर मेला वही उघडायच्या आधीच पेनाचं टोपण काढायचा.

थोरली तरातरा गेली आणि ती वही तिने मॅनेजरच्या टेबलावर आपटली. धाकटीने नऊ दिवस ओळीने लिहिलं होतं, 'कटाईच्या यंत्राची जाळी सैल आहे, हात आत जातो.' नऊही दिवस समोर फोरमनचं 'सीन'.

"आता सांगा निष्काळजी कोण! डोळे काय घरी ठेवून येता?"

मॅनेजरने वही शांतपणे तिच्याकडे फिरवली आणि फोरमनच्या सहीखाली बोट ठेवलं. तिथे विभागातल्या सर्वांत जुन्या कामगाराने सही करायची असे. म्हणजे थोरलीने. चहा पिता पिता खरडलेलं 'सीन', तेही नऊच्या नऊ दिवस.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण राग काही हटेना. उलट आता तो स्वतःवरही उसळला.

"मग लिहा दोन नावं! ह्यांचं आणि माझं. तिचं लिहाल तर खबरदार!" तिने फोरमनचा कागद टराटरा फाडला.

संध्याकाळी दवाखान्यात धाकटी बांधलेला हात उशीवर ठेवून बसली होती. थोरलीने सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे तू वाचलंच नव्हतंस?"

"नाही गं."

धाकटीने उशीवरचा हात जरा जवळ ओढला.

"फोरमनचं मला ठाऊक होतं, ताई. पण खाली तुझी सही दिसायची. वाटायचं, ताईने पाहिलंय, म्हणजे फार धोका नसेल. म्हणून तर रोज हात घालत राहिले."