वरच्या मळ्याचं विरजण

इंगविलने कॉफीचा कप बाजूला सरकवला आणि म्हणाली, "तोरलाइव, तुमचं आणि खालच्या मळ्याचं विरजण एकच आहे."

तोरलाइव हसला. त्याला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. व्हॉस गावाजवळच्या त्या डोंगरउतारावर दोन मळे होते, वरचा आणि खालचा. ओढ्याच्या पाण्यावरून दोन्ही घरांच्या बापांनी कोर्ट गाठलं, तेव्हापासून त्यांच्यात विस्तव जात नव्हता. चर्चमध्येही एक घर डावीकडे बसे, दुसरं उजवीकडे.

आणि वरच्या मळ्याचं विरजण म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. जवाच्या गोड पाण्यात ते पडलं की दोन दिवसांत बिअर तयार होई, आणि तिला संत्र्याच्या सालीसारखा वास येई. पूर्वी ही बिअर नाताळात, लग्नात नाहीतर मयताला व्हायची, आणि उताराखाली तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. मग एक हौशी माणूस चमचाभर विरजण मागून घेऊन गेला. बघता बघता अमेरिकेत, जपानात, ब्राझीलमध्ये लोक या मळ्याच्या नावाने बिअर काढायला लागले. दोन वर्षांचं खूळ आहे, ओसरेल, असं व्हॉसचे शहाणे म्हणत होते. वर्षांमागून वर्षं गेली, खूळ काही ओसरेना. दर उन्हाळ्याला परदेशी माणसं येत, वासासाठी जुनिपरच्या फांद्या घातलेल्या पातेल्याभोवती उभी राहत, आणि तोरलाइव त्यांना सांगे, की तो एक चमचा सोडला तर हे विरजण पणजोबाच्या आधीपासून या घराच्या उंबऱ्याबाहेर गेलेलं नाही आणि बाहेरचं आत आलेलं नाही. डोळे बांधून दिली तरी आपल्या घरची बिअर मी ओळखेन, असंही सांगे. येत्या शनिवारी असाच एक मोठा घोळका यायचा होता.

इंगविल बर्गनच्या प्रयोगशाळेत काम करायची. आसपासच्या सगळ्या मळ्यांतली विरजणं तिने तपासली होती. खालच्या मळ्याचं तिला तिथल्या म्हाताऱ्या ब्रीताबाईच्या नातवाने दिलं होतं. बाकीची एकमेकांची चुलत-मावस भावंडं निघाली, ही दोन मात्र वेगळी काढताच येत नव्हती.

"म्हणजे त्यांनी चोरलं," तोरलाइव म्हणाला.

कुणी कुणाचं घेतलं ते तपासणीत दिसत नाही, असं ती शांतपणे म्हणाली. बायको आउदहिल ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

इंगविलची गाडी वळणाआड गेली आणि तोरलाइव तसाच उतार उतरून खाली गेला. साठी उलटून गेली होती, पण त्या घराचं दार त्याने आजवर वाजवलं नव्हतं. ब्रीताबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. ऐंशी पार केलेली, काटकुळी बाई. त्याला दारात बघून तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

तो उभ्यानेच म्हणाला, "ब्रीताबाई, आमचं विरजण तुमच्या घरी कसं आलं?"

"तुमचं?" ती म्हणाली. "बस आधी, मार्ताच्या पोरा. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ती."

तो बसला नाही. तिने तशीच सांगायला सुरुवात केली.

तोरलाइवचा आजोबा गेला ते वर्ष. मार्ता, म्हणजे तोरलाइवची आई, नवीन लग्न होऊन आलेली. मयताची बिअर करायचं काम सासूने तिच्यावर टाकलं. पोरीने घाईघाईत पाणी हाताला सोसेल इतकं निवायची वाट पाहिली नाही. माळ्यावर टांगलेलं, वाळलेल्या विरजणाने माखलेलं गवताचं कडं काढलं आणि अख्खं त्या कढत पाण्यात सोडलं. फेस आलाच नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचं विरजण एका क्षणात शिजून मेलं.

"गोठ्यामागच्या वाटेने आली ती, दुधाची किटली घेऊन," ब्रीताबाई म्हणाली. "मी तेव्हा शाळेत होते. रडत नव्हती, पण ओठ पांढरेफटक. माझ्या आईने काही विचारलं नाही. किटली भरली आणि मला म्हणाली, तुझ्या बापाला सांगितलंस तर बघ."

तोरलाइवने खुर्ची ओढली आणि बसला. जगभर ज्याच्या नावाने बिअर विकली जात होती ते वरच्या मळ्याचं विरजण त्याच्या जन्माआधीच मेलं होतं.

"मग पणजोबांपासूनचं हे... ते तुमचं?"

"छे रे. पुढे एका वर्षी पूर आला, आमचं तळघर बुडालं, आमचं सगळं नासलं. तेव्हा मार्ताने आणून दिलं. मग आम्ही पुन्हा तुम्हाला, तुम्ही पुन्हा आम्हाला. आता कुणाचं कोणतं, देवालासुद्धा सांगता यायचं नाही."

त्याने विचारलं, की बाबांना हे कधी कळलं नाही ना?

ब्रीताबाईने सुरी खाली ठेवली. "नील्सला? पहिल्या घोटाला कळलं. मार्तानेच मला सांगितलं, पुढे कितीतरी वर्षांनी. मयताला सगळी माणसं बसलेली. त्याने बिअरचा वाडगा तोंडाला लावला, तिच्याकडे पाहिलं, वाडगा खाली ठेवला. तिला वाटलं, आता हा सगळ्यांदेखत आपल्याला घराबाहेर काढतो. मग त्याने वाडगा उचलला आणि तळ दिसेपर्यंत प्यायला. जन्मात एक अवाक्षर काढलं नाही. आणि पुढच्याच वसंतात माझ्या बापावर दावा लावला."

तोरलाइवला बापाचा आवाज ऐकू आला. दर नाताळला वाडगा संपवून, मिशा पुसून तो म्हणायचा, खालचे लोक डुकरांचं पाणी पितात. सगळं घर हसायचं, तोरलाइवही हसायचा. आई मात्र हसायची नाही, ते त्याला आत्ता आठवलं.

परत जाताना तो रस्त्याने गेला नाही, ब्रीताबाईच्या गोठ्यामागे वळला. आल्डरच्या झाडीत एक वाट होती, हातभर रुंद, दगड पार झिजलेले. ती थेट त्याच्याच गोठ्याच्या मागच्या दारापाशी निघाली. आयुष्यभर तो इथे राहिला होता. लाकडं तोडली, गाई चारल्या, पण ही वाट कुठे उतरते ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आणि वाटेवरचं गवत ताजं दबलेलं होतं.

घरात शिरल्यावर त्याने आउदहिलला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, पण कुठेच चकित झाली नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं."

"आईंनी सांगितलं होतं. शेवटच्या आजारपणात."

"आणि ती वाट? तिथलं गवत?"

आउदहिलने हात पुसले. "तुझ्या कमरेचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात विरजण ठेवलेला फ्रीझर बंद पडला. सगळं सडलं होतं. मी खालून आणलं. तेव्हापासून अधूनमधून जाते, कॉफीला. चांगली बाई आहे."

म्हणजे गेल्या दोन उन्हाळ्यांत जी बिअर त्याने पाहुण्यांना छाती फुगवून पाजली, ती खालच्या घरच्या विरजणाची होती. बापाला पहिल्या घोटाला कळलं होतं आणि याला दोन वर्षं पिऊन कळलं नव्हतं. त्याने तेही कसंबसं बोलून दाखवलं.

"ओळखणार काय?" आउदहिल म्हणाली. "तेच तर होतं."

त्याला तिचा राग यायला हवा होता. पण राग कुठून सुरू करायचा तेच कळेना. आईपासून, बापापासून की स्वतःपासून? पुढचे दोन दिवस तो घरात पाहुण्यासारखा वावरला. खुर्चीत बसायच्या आधी तिच्याकडे बघत राही. शुक्रवारी तो पुन्हा खाली गेला आणि ब्रीताबाईला म्हणाला, उद्या वर या. तिने साफ नकार दिला. ज्या उंबऱ्याला दाव्यानंतर माझ्या बापाचा पाय लागला नाही तिथे मी तमाशाला येऊ काय, म्हणाली.

शनिवारी माणसं जमली. पातेलं निवत होतं, तोरलाइव पुन्हा पुन्हा हात घालून बघत होता, आणि नेहमीची गोष्ट सांगायची वेळ आली तशी तो पाठ फिरवून वाडगे पुसत बसला. तेवढ्यात सगळ्यांच्या माना रस्त्याकडे वळल्या. ब्रीताबाई भर रस्त्याने चालत वर येत होती, चर्चला घालायचा कोट घालून, नातवाचा दंड धरून. खालच्या वाडीतली दोन-तीन माणसं आपापल्या अंगणात येऊन उभी राहिली. हे बघायला मिळेल असं त्यांच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

विरजण घालताना मोठ्याने ओरडायची चाल आहे, म्हणजे बिअर जोरकस होते. तोरलाइवने बरणी ओतली आणि तोंड उघडलं, पण घशातून हवाच बाहेर पडली. मग शेजारून अशी आरोळी आली की कुरणातल्या गाईंनी डोकी वर केली. काटकुळ्या ब्रीताबाईचा तो आवाज होता. परदेशी पाहुणे दचकले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ओसाकाहून आलेल्या एका बाईने विचारलं, की हे विरजण याच घराचं ना, पहिल्यापासून?

गेली कित्येक वर्षं हे उत्तर तोरलाइवच्या जिभेवर असे. तो पातेल्याकडे बघत राहिला. "कुणाचं आहे ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "आम्ही दोन्ही घरं तेच वापरतो."

बाईने मान डोलावली. तिला त्यात काही विशेष वाटलं नसावं. आउदहिलने ब्रीताबाईसाठी खुर्ची आणली आणि मागच्या खेपेची बिअर वाडग्यात ओतून दिली. ब्रीताबाईने एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"जुनिपर जास्त झालंय," ती म्हणाली. "तुझ्या आईचंही नेहमी जास्तच व्हायचं."