गोलूला आलेली घरमालकीण

मी चेन्नईजवळच्या आवडी गावात एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोकरीला आहे. एक नट बाहेर जायचा असला तरी मी तीन सह्या घेते. माझ्यामागे लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही. पण घरात मात्र मी दोन वर्षं व्यासराजला एक साधा प्रश्न विचारला नाही. का, तर तो घरचा माणूस. घरच्या माणसाला जाब विचारला की म्हणे नाती तुटतात. या एका वाक्यावर आमच्यात किती घरं बुडाली असतील कुणास ठाऊक.

राजसबाई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, विश्वजितच्या आत्या. वय ब्याऐंशी. ही मंडळी तंजावरची, कित्येक पिढ्या इकडची. मी साताऱ्याहून लग्न होऊन आले तेव्हा त्यांची मराठी ऐकून वर्षभर हसत होते. माझ्या तमिळवर त्या अजून हसतात, तेव्हा फिट्टंफाट. चेन्नईच्याच तांबरम उपनगरात आत्यांचं स्वतःचं घर आहे, रेल्वेत असलेल्या त्यांच्या यजमानांनी बांधलेलं. दोन वर्षांपूर्वी आत्या न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, आणि आम्ही त्यांना आमच्या क्वार्टरमध्ये आणलं. घराकडे बघायला कुणीतरी हवं म्हणून त्यांनी दिराच्या मुलाला, व्यासराजला, मुखत्यारपत्र करून दिलं. माझ्यासमोर सही केली. मी चहा केला.

सहा महिन्यांत आत्या काठी घेऊन चालायला लागल्या आणि म्हणाल्या, "आता मी माझ्या घरीं जातें." व्यासराज म्हणाला, छप्पर खचलंय, कुलूप लावून ठेवलंय, दुरुस्ती झाली की नेतो. मग पावसाळा आला. मग गवंडी मिळेना. दर महिन्याला तो टी. नगरहून मिठाईचा डबा आणायचा, वाकून नमस्कार करायचा आणि नवी अडचण सांगून जायचा. किल्ली मागितली की म्हणायचा, "काकू, तुमच्या डोक्यावर काही पडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?" यंदा गणपतीत त्यानं सांगून टाकलं की घर राहण्याजोगं उरलेलं नाही, दसऱ्यानंतर तो बिल्डरशी करार करणार आहे. कागद त्याच्या हातात होता, त्यामुळे करूही शकला असता. आत्या त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी मात्र त्याच्याच डब्यातला म्हैसूरपाक खाल्ला. आठवलं की स्वतःचाच राग येतो.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी आत्यांना फोन आला. तांबरमच्या शेजारच्या मामी दोन वर्षं मुलीकडे परदेशात होत्या, त्या परतल्या होत्या. मामी रुसलेल्या होत्या. "राजसम, घरात गोलू मांडलास, सगळ्या गल्लीला बोलावलंस, आणि मला नाही?"

गोलू म्हणजे इकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात तो. आत्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अलके, छप्पर खचलेल्या घरांत गोलू कोण मांडतें गे?"

मी त्याच वेळी व्यासराजला फोन लावत होते. भांडणाची माझी तयारी नेहमीच असते. आत्यांनी हात धरला. "फोन नको. गोलूला जाऊ. गोलूला आलेल्या बाईला दारांतून कोणी परत धाडत नाहीं."

टॅक्सी केली. मामींना त्यांच्या दारातून उचललं आणि तिघी आत्यांच्या घरापुढे उभ्या राहिलो. उंबऱ्यासमोर ठिपक्यांची मोठी रांगोळी, दाराला आंब्याची पानं. मी आधी वर बघितलं. छप्पर जिथल्या तिथं होतं, आणि भिंतींना नवा रंग होता. दार उघडलं ते तिशीतल्या एका मुलीनं. शरण्या तिचं नाव. कोण, कुठल्या, काही न विचारता तिनं "वांगो, वांगो", म्हणजे या, या, म्हणत आम्हाला आत घेतलं आणि आत्यांना खुर्ची दिली. खुर्ची आत्यांचीच होती.

समोर सात पायऱ्या. सगळ्यात वर लाल लाकडाची राजाराणीची जोडी. आत्यांना ती लग्नात माहेरून मिळालेली. राजाच्या नाकाचा टवका विश्वजितनं लहानपणी उडवला होता, ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. आत्या त्या नाकाकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले होते. मी ते हातातल्या सुंडलाच्या, म्हणजे प्रसादाच्या उसळीच्या, घासाबरोबर गिळले.

गोलूला आलेल्या बाईनं गाणं म्हणायचं, अशी इथली रीत. शरण्यानं तमिळमध्ये आग्रह केला, "पाटी, एक म्हणा ना." पाटी म्हणजे आजी. आत्यांनी त्यांच्या आईची एक जुनी ओवी म्हटली. कुठंही चुकल्या नाहीत.

"मराठी ना ही?" शरण्या म्हणाली. "या घरच्या पाटी मराठीच होत्या. दोन वर्षांपूर्वी वारल्या. या बाहुल्या त्यांच्याच. व्यासराज सर म्हणाले, मागे कुणी नाही, तुम्हीच मांडा. म्हणून त्यांची जोडी मी वर ठेवलीय, मानानं."

मामींच्या हातातली वाटी खाली पडली. आत्या माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "मी मेलें, तें मला कोणी सांगितलं नाहीं." मग शरण्याला तमिळमध्ये म्हणाल्या, "पोरी, घाबरू नकोस. ती पाटी मीच."

पोर रडायलाच लागली. मामींनी साक्ष दिली, आत्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला, आणि मग शरण्यानं कपाटातून भाडेकरार आणून माझ्या हातात ठेवला. दीड वर्षापूर्वीचा. खाली सही: राजसबाईंतर्फे मुखत्यार, व्यासराज. मला हसू आलं, रागाचं. मुखत्यारपत्र देणारा गेला की मुखत्यारीही संपते. म्हणजे आत्या मेल्या असतील तर ही सही फुकट, आणि जिवंत असतील तर हा माणूस खोटारडा. तांबरममध्ये मारलेल्या बाईला तो आवडीत मिठाई पोचवत होता.

आता फोन आत्यांनीच लावला. "व्यासराजा, तांबरमास गोलूला आलें आहें. तूही ये. तांबूल घेऊन जा."

तो आला. तासाभरात, घामाघूम. खोलीत तोवर गोलूला आलेल्या गल्लीतल्या सात-आठ बायका होत्या आणि मधल्या खुर्चीत आत्या. तो नमस्काराला वाकला. शरण्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सर, गाणं?"

"गाणं नको," आत्या म्हणाल्या. "त्याला खरं सांगू दे. तेवढं पुरे."

त्यानं दोनतीन वाक्यं सुरू केली. रिकामं घर खराब होतं, भाडेकरूंना मालकाची कटकट नको असते, काकूंच्या भल्यासाठीच. कुठलंच पूर्ण झालं नाही. मग मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते. किल्ल्या किती आणि कुणाकडे आहेत, बिल्डरला काय लिहून दिलंय, आलेलं भाडं कुठंय. तो म्हणाला, "वहिनी, घरच्या माणसाला असं विचारतात?"

"घरच्यालाच विचारतात," मी म्हणाले. "परक्याला कागद कुणी दिला असता?"

माझा आवाज चढला असावा, कारण मामींनी मला पाणी दिलं. बिल्डरला अजून काही लिहून दिलं नव्हतं. त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढून आत्यांच्या मांडीवर ठेवला. आत्यांनी त्याला विडा दिलाच. रीत ती रीत.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नोंदणी कार्यालयात आत्यांनी मुखत्यारपत्र रद्द केल्याच्या कागदावर सही केली. डोळ्यांना चष्मा, प्रत्येक ओळ वाचून. मला म्हणाल्या, "त्या दिवशी वाचलं नव्हतं. तो जवळ बसला होता, वाचलं तर त्याला काय वाटेल म्हणून." भाड्याचा सगळा तपशील महिनाभरात द्यायची नोटीस त्याला गेली. तो देईल, थोडं रडून देईल, पण देईल. विश्वजितला अजून वाईट वाटतंय. मला नाही.

शरण्या घर सोडायला निघाली होती. आत्या म्हणाल्या, मांडलेला गोलू कोणी मोडतं का? घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, व्यासराजनं अडगळीला ठेवलेल्या. मी, शरण्या आणि मामी, आम्ही तिघींनी त्या झाडल्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. पुढं शरण्या आणि तिचा नवरा, मागं आत्या, मधलं दार उघडं.

दसऱ्याच्या संध्याकाळी गोलू संपतो तेव्हा एका बाहुलीला आडवं निजवतात. शरण्यानं लाकडी राणी काढून आत्यांच्या हातात दिली. आत्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं, तिला निजवलं आणि उशाला चुरगळलेलं फूल सारलं. मी त्यांची पिशवी उचलली. टॅक्सी दारात उभी होती. आवडीला आणखी चार दिवस राहून, सामान नीट बांधून मग यायचं, असं आमचं ठरलं होतं.

आत्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"ती निजली," त्या म्हणाल्या. "आज मीही इथेंच निजतें."