हात वर, बीपी खाली

उच्च रक्तदाब म्हणजे गेल्या जन्मी गिळलेला राग होय, असे धागामहाराजांनी दवनीवाड्याच्या समाजमंदिरात जाहीर केले. या जन्मीच्या खारवलेल्या मिरच्या निर्दोष सुटल्या.

गर्दी पार रस्त्यापर्यंत. महाराज आधी प्रत्येकाकडून घसा फुटेस्तोवर जयजयकार करवीत आणि लगेच लोंबत्या मनगटाला बीपीची मशीन बांधीत. शेतकरी दुधरामचा आकडा आला एकशे ऐंशी. गर्दी हळहळली. मग काळा धागा, एक फुंकर आणि हुकूम, "हाथ आसमान की तरफ! ऊपरवाला डॉक्टर जाँच रहा है!"

आता एकशे अठ्ठावीस!

"गोली फेको, धागा रखो!" महाराज गरजले. त्यांना मराठी उत्तम येत होती. चमत्कार मात्र ते हिंदीतूनच करीत.

दुधरामने बीपीच्या गोळ्या महाराजांपुढच्या परातीत फेकल्या. त्याची बायको शकुंतलाबाई गारठली. थोरल्या दिराने अशाच गोळ्या सोडल्या होत्या. तो आता घरी खाटेवर पडून अर्ध्या तोंडाने बोलतो.

दुसऱ्या दिवशी घरोघरी बीपी मोजणारी आरोग्य स्वयंसेविका नूतन आली. तिने दुधरामला निवांत बसवले, हात टेबलावर ठेवून दंडाला पट्टा बांधला. एकशे सत्तर.

"तुही मशीन बिगडली," दुधराम म्हणाला. "महाराजासारखी मोज." आणि त्याने हात वर केला.

एकशे चाळीस.

"पाह्यलं? धागा काम करून राहिला!"

शकुंतलाबाईने विळा आणला, धागा कापला, चुलीत टाकला.

"आता करा जी हात वर."

पुन्हा एकशे चाळीस. चुलीत धाग्याचा धूरही उरला नव्हता.

"काकाजी," नूतन म्हणाली, "मशीन जिथं बांधली तिथलाच दाब सांगते. हात छातीच्या वर गेला का आकडा कमी येते, खाली लोंबला का जास्त. उंचावरच्या नळाले धार बारीक येते, म्हून का टाकी रिकामी रायते? तुमच्या डोक्याले दाब तेवढाच हाय."

अख्ख्या गर्दीत एकालाही सुचले नव्हते की, धागा बांधण्याआधी एकदा हात वर करून मोजून पाहावे. एवढे जरी सुचले असते तरी महाराजांना दुसरा धंदा शोधावा लागला असता.

"मंग मी हात वरच ठेवतो!" दुधरामने महाराजांची शेवटची बाजू लढवून पाहिली.

"ठेवा," शकुंतलाबाई म्हणाली. "धानाच्या कापनीले कोन येईन? महाराज?"

दुधरामने थोरल्या भावाच्या खाटेकडे पाहिले. नूतनकडून गोळी घेतली, गिळली.

धान हात खाली करूनच कापतात.